टर्मिनल एम्युलेटर : कळफलकाची जुळणी

टर्मिनल एम्युलेटरमध्ये (जुन्या टर्मिनलची, म्हणजे पडदा व कळफलकाच्या यंत्राची, नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) कोणती कळ दाबल्यावर पलीकडच्या प्रणालीकडे कोणते बाइट जावेत, हे ठरवण्याची व बदलण्याची व्यवस्था म्हणजे कळफलकाची जुळणी. पाठवणारा एम्युलेटर आणि घेणारी प्रणाली यांनी एकाच संकेताचा एकच अर्थ लावला, तरच कळ अपेक्षित काम करते.

पूर्वपीठिका : १९८० च्या दशकातील मिनीकॉम्प्युटरना अनेक टर्मिनल जोडून बरेच जण एकाच वेळी काम करीत. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हीटी१०० (१९७८) या २४ ओळी व ८० स्तंभांच्या टर्मिनलचे संकेत इतके रुळले की, एक्सटर्म (१९८४) आणि पुटी (१९९९) यांसारखे एम्युलेटर आजही तेच पाळतात.

कार्यपद्धती : साध्या अक्षराला त्याचा संकेतांक जातो. कंट्रोल व सी मिळून ३ या मूल्याचा बाइट जातो आणि चालू आज्ञा थांबते. वरचा बाण दाबला की एस्केप (२७), चौकोनी कंस व कॅपिटल ए असे तीन बाइट जातात. पडदाभर चालणारे काही प्रोग्राम चालू करतात त्या ‘अ‍ॅप्लिकेशन’ अवस्थेत कंसाच्या जागी कॅपिटल ओ येतो. ऑल्ट कळ बहुधा अक्षराआधी एस्केप जोडते. कोणत्या टर्मिनलचे संकेत मानायचे, हे युनिक्स प्रणाली ‘टर्म’ या चलातील नावावरून ठरवते. ते नाव चुकले, तर बाण व फंक्शन कळा काम न करता पडद्यावर भलतीच चिन्हे उमटू शकतात.

नेहमीच्या जुळण्या : सर्वाधिक अडचण बॅकस्पेसची. काही प्रणाली तिच्याकडून ८ या बाइटची अपेक्षा करतात, तर काही १२७ ची. पुटीच्या ‘कीबोर्ड’ विभागात दोन्ही पर्याय असून मूळ निवड १२७ असते. होम-एंड आणि फंक्शन कळांचे प्रकारही तेथेच निवडता येतात. एक्सटर्ममध्ये हे बदल एक्स-रिसोर्सेस फाइलमध्ये नोंदवतात. ‘एसटीटीवाय’ या आज्ञेने प्रणालीच्या बाजूची खोडण्याची कळ बदलता येते. बदल एकाच बाजूने करून पाहावा. दोन्हीकडे एकदम केल्यास दोष कोठे आहे ते कळत नाही.

देवनागरी : पुण्याच्या सी-डॅक संस्थेने जिस्ट तंत्रज्ञानाने भारतीय लिप्या टर्मिनलवर आणल्या. १९८६ साली प्रमाणित झालेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत स्वर मुख्यतः डाव्या हाताला व बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात. ‘अमळनेर’ हा शब्द लिहिण्यासाठी शिफ्ट-डी, सी, शिफ्ट-एन, व्ही, एस, जे अशा सहा कळा पुरतात. या सहा चिन्हांचे यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड अक्षरे बाइटमध्ये मांडण्याच्या पद्धतीत) १८ बाइट होतात, पण मात्रा ‘न’वरच बसत असल्याने पडद्यावर पाचच घरे व्यापली जातात. प्रणालीला यूटीएफ-८ ची कल्पना नसेल, तर एका बॅकस्पेसने ‘र’चा एकच बाइट जातो आणि उरलेले दोन तुटक राहतात. ‘एसटीटीवाय’मधील ‘आययूटीएफ८’ पर्याय हा दोष दूर करतो.

कळांची देवनागरी अक्षरे कार्यप्रणालीच करते, म्हणून मराठीसाठी टर्मिनलची कळजुळणी बदलण्याची गरज नसते. इनस्क्रिप्ट कार्यप्रणालीत निवडावी आणि एम्युलेटरची अक्षरसंहिता यूटीएफ-८ ठेवावी. आज्ञा रोमन लिपीत असल्याने लिपी बदलण्याची कळ हाताशी हवी. कंट्रोल-स्पेस त्यासाठी वापरू नये, कारण टर्मिनलमध्ये तिच्यातून शून्य बाइट जातो आणि ईमॅक्ससारखे संपादक त्यावर अवलंबून असतात. जोडाक्षरे व पहिली वेलांटी नीट दिसणे हा मात्र अक्षरजुळणीचा वेगळा प्रश्न आहे. प्रत्येक अक्षराला ठरावीक घर देणाऱ्या अनेक एम्युलेटरमध्ये तो सुटलेला नाही. एमएलटर्म हा बहुभाषी एम्युलेटर भारतीय लिप्या ध्यानात घेऊन बनवलेला आहे. पडद्यावर अक्षरे विस्कटलेली दिसली, तरी बाइट बरोबर असतील तर फाइलमधील मजकूर शुद्धच राहतो.