युरिया, डांबर आणि सेंद्रिय प्रकाश

नीरा डाव्या कालव्याने भिजणाऱ्या बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात 'सेंद्रिय' म्हटले की शेणखत, गांडूळखत, जीवामृत आठवते. युरियाचे पोते नेमके विरुद्ध पक्षात. मग त्याच शेतकऱ्याच्या खिशातील मोबाइलच्या 'ओएलईडी' पडद्यातले 'ऑरगॅनिक', म्हणजे सेंद्रिय, ते कोणते?

इंद्रियांसहित ते सेंद्रिय. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बर्झेलियससारख्या रसायनज्ञांची धारणा होती की असे पदार्थ केवळ सजीवांच्या देहातील जीवनशक्तीच घडवू शकते. १८२८ मध्ये त्याचाच शिष्य फ्रीड्रिख व्योलर याने खनिज समजल्या जाणाऱ्या क्षारांपासून प्रयोगशाळेत मूत्रातला एक घटक तयार केला. तो घटक म्हणजे युरिया! ती धारणा एका दिवसात कोसळली नाही. पण पुढे 'सेंद्रिय' म्हणजे कार्बनी संयुग, एवढाच अर्थ रसायनशास्त्रात उरला. सेंद्रिय शेती ज्याला वर्ज्य मानते, तो युरिया रसायनशास्त्राच्या लेखी अस्सल सेंद्रिय आहे.

ओएलईडीचे मूळही शेतात नाही, दगडी कोळशाच्या डांबरात आहे. डांबरातून मिळणाऱ्या अँथ्रासीनच्या स्फटिकातून मार्टिन पोप आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये न्यूयॉर्क येथे विजेच्या साहाय्याने प्रकाश मिळवला. मात्र त्यासाठी सुमारे ४०० व्होल्ट लागले. आपल्या घरात येतात २३०. कोंडी फुटली ती १९८७ मध्ये. हाँगकाँगच्या युएन लाँग भागात जन्मलेले चिंग टँग आणि त्यांचे सहकारी स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी कोडॅक कंपनीत दोन सेंद्रिय थर एकावर एक चढवले. दोहोंची मिळून जाडी मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाहून कमी. एका थरातून ऋणभार, दुसऱ्यातून धनभार येतो. सीमेपाशी ते एकत्र येतात आणि रेणू उजळतो. १० व्होल्टही पुरेसे ठरले. फोटोफिल्मवर श्रीमंत झालेल्या कोडॅकने २००९ मध्ये हा व्यवसाय एलजीला विकला आणि २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला.

त्याच २०१२ मध्ये नागपूरच्या थेजो कल्याणी आणि संजय ढोबळे यांनी ओएलईडीचा वीज वाचवणारे दिवे म्हणून आढावा घेणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. आशा रास्त होती. सबंध पृष्ठभागातून पाझरणारा, डोळ्यांना न खुपणारा उजेड दुसरा कोणता दिवा देतो? परंतु ओलावा आणि प्राणवायू हे या रेणूंचे वैरी. काचेआड हवाबंद केल्यावरही निळा प्रकाश देणारे रेणू इतरांपेक्षा लवकर थकतात. चार-पाच वर्षांत बदलल्या जाणाऱ्या मोबाइलला हे चालते, शिवाय काळा रंग दाखवताना तिथला ठिपका चक्क विझतो, म्हणून वीजही वाचते. दिव्याला मात्र भरपूर उजेड, दीर्घ आयुष्य आणि कमी किंमत लागते. ती बाजी मारली गॅलियम नायट्राइड या असेंद्रिय पदार्थाने. नाकामुरांनी १९९३ मध्ये त्यापासून प्रखर निळा एलईडी घडवला आणि २०१५ च्या 'उजाला' योजनेने तसले बल्ब भारतभर स्वस्तात पोहोचवले. इंदापूरच्या एखाद्या घरात आज रात्री अभ्यासाच्या वहीवर पडणारा उजेड असेंद्रिय असतो. सेंद्रिय उजेड असलाच, तर शेजारी ठेवलेल्या मोबाइलमध्ये.