लखोट्याचे गुपित

दोघांमधले पत्र तिसऱ्याने फोडू नये, ही मर्यादा आपण सारेच मानतो. परंतु साऱ्या गावाची पत्रे एकाच हातून जात असतील, तर ती मर्यादा टिकते काय?

सावरकरांच्या १९०७ च्या ग्रंथामुळे महाराष्ट्राच्या परिचयाचा झालेला जोसेफ मॅझिनी १८४४ साली लंडनमध्ये आश्रयाला होता. आपले टपाल फोडले जाते, असा संशय येऊन त्याने लखोट्यांत खसखशीचे दाणे व वाळूचे कण घालून पाहिले. संशय खरा ठरला. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांच्या हुकमाने पत्रे उघडली जात होती. थॉमस डन्कोम्ब यांनी पार्लमेंटात हे प्रकरण उपस्थित करताच गहजब उडाला, चौकशी समित्या बसल्या, टपालातील गुप्त कचेरी मोडली. पण हुकूम काढण्याचा अधिकार मात्र कायम राहिला. टपाल एकाच खात्याच्या हाती, म्हणून एक सही पुरली.

इंटरनेटमागील कल्पना याच्या उलट होती. १९६४ मध्ये पॉल बॅरन यांनी मध्यच नसलेल्या जाळ्याची रचना मांडली. हेतू गुप्ततेचा नव्हे. हल्ल्यात एक गाठ तुटली तरी निरोप दुसऱ्या वाटेने जावा, एवढाच होता. १९६९ साली अमेरिकेत चार केंद्रे जोडून आर्पानेट सुरू झाले. पुढे टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये मांडलेली वेबची योजना ‘सर्न’ या संस्थेने १९९३ साली सर्वांना मोफत खुली केली.

मग सोय आली. पत्रे, छायाचित्रे, गप्पा आपण आपखुशीने मूठभर कंपन्यांच्या कोठारांत नेऊन ठेवल्या. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांच्या कागदपत्रांवरून उघड झाले, की अमेरिकेची हेरसंस्था ‘प्रिझम’ योजनेखाली अशाच कंपन्यांकडून पत्रव्यवहार मिळवीत होती. दारोदार हिंडण्याचे कारणच उरले नव्हते!

२४ ऑगस्ट २०१७ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्णय दिला. हे मोठेच कार्य झाले. तथापि आमचे म्हणणे असे, की हक्काला रचनेचाही आधार हवा. ईमेलचे पत्र एका सेवेवरून दुसरीवर जाते. २०१८ साली वेबच्या मानकसंस्थेने ‘ॲक्टिव्हिटीपब’ मान्य करून तीच मोकळीक समाजमाध्यमांसाठी उपलब्ध केली. लहान केंद्राचा चालकही पत्रात डोकावू शकेल, आणि केंद्राला खर्च व राबणारी माणसे लागतील, हे खरे. पण तेथे एका सहीने साऱ्या गावाचे टपाल उघडणार नाही. वर्गणीवर वाचनालये आणि व्याख्यानमाला चालविणाऱ्या गावांना एवढा भार जड वाटू नये.