पाण्याला फक्त उंची कळते

आजचा भाग जरा वेगळा आहे, कारण त्याची सुरुवात माझ्या केटीपासून होते.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मला फ्लुइड मेकॅनिक्समध्ये केटी लागली. पाच मार्क कमी पडले होते आणि आठ मार्कांचं मॅनोमीटरचं एक गणित चुकलं होतं. ते गणित अजून पाठ आहे. पाइपात पाणी आहे. पाइपाला इंग्रजी यू अक्षरासारखी काचेची नळी जोडलीय, तिचं दुसरं तोंड हवेत उघडं. नळीत खाली पारा. पाइपाकडच्या बाजूला पाऱ्याची पातळी पाइपाच्या मध्यापासून ३० सेंटिमीटर खाली आहे आणि उघड्या बाजूला पारा त्या पातळीपेक्षा २० सेंटिमीटर वर चढलाय. पाइपातला दाब किती?

मी काय केलं? पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून २० ला १३.६ ने गुणलं, २७२ सेंटिमीटर पाणी असं उत्तर लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि पुढच्या गणिताला लागलो. पाइप आणि पारा यांच्यामध्ये जे ३० सेंटिमीटर पाणी उभं होतं, ते मी विसरलोच.

केटीसाठी गंगापूर रोडच्या एका गल्लीत क्लास लावला. नाशिककरांना सांगायला नको, त्या रस्त्याला झाडांपेक्षा क्लासच्या पाट्या जास्त. पहिल्याच दिवशी मी तोंड वर करून विचारलं, "सर, ह्या काचेच्या नळीचा बाहेर उपयोग काय?" सर म्हणाले, "तू हा रस्ता धरून सरळ पश्चिमेला जा. आनंदवल्ली गेलं, सोमेश्वर गेलं, गंगापूर गाव गेलं, की पुढे उपयोग दिसेल." पुढे काय आहे? गंगापूर धरण. तेव्हा मला वाटलं, सर टाळतायत.

आधी गणिताची रीत सांगतो, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्यावर उभा आहे. नळीच्या एका टोकावर बोट ठेवायचं आणि बोट फिरवत दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. खाली उतरताना दाब वाढतो, तेवढा मिळवायचा. वर चढताना कमी होतो, तेवढा वजा करायचा. एकच द्रव सलग असेल तर एका पातळीवर दाब सारखाच, तिथे बोट सरळ आडवं उडी मारू शकतं. पाइपातून ३० खाली उतरलो, पलीकडे पाऱ्यातून २० वर चढलो, हवेत पोचलो. म्हणजे पाइपातला दाब अधिक ३० बरोबर २७२. उत्तर २४२ सेंटिमीटर पाणी, सुमारे २३.७ किलोपास्कल. झालं. नळी जाड आहे की बारीक, वाकडी आहे की तिरकी, काही विचारायचं नाही. फक्त उभी उंची.

ही 'फक्त उंची' भानगड माणसाच्या मनाला पटत नाही. जास्त पाणी म्हणजे जास्त दाब, असंच आपल्याला वाटतं. नेदरलँड्सच्या सिमॉन स्टेव्हिनने १५८६ साली पुस्तक लिहून दाखवलं की भांड्याच्या तळावरचा दाब भांड्यात किती पाणी आहे यावर नाही, ते किती उंच उभं आहे यावर ठरतो. पुढे १६४३ च्या सुमारास इटलीत टॉरिचेलीने पाऱ्याची नळी उलटी केली. मग फ्रान्समध्ये पास्कलने आपल्या मेहुण्याला तशीच नळी घेऊन पुय द डोम नावाच्या डोंगरावर पाठवलं. १९ सप्टेंबर १६४८ ला तो वर गेला, तर पारा जवळपास ८ सेंटिमीटर खाली आलेला. (चढला मेहुणा, नाव झालं पास्कलचं. एककालासुद्धा त्याचंच नाव.)

पण आपल्याकडे या लोकांची पुस्तकं यायच्या आधी नळ चालत नव्हते का? चालत होते. तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नहर बांधली. १७४४ ची पाणचक्की बघायला तर शाळेच्या सहलीत तुमच्यापैकी निम्मे जाऊन आले असतील. तिथलं पाणी कित्येक किलोमीटरांवरून जमिनीखालच्या खापराच्या नळांतून येतं आणि शेवटी एका उंच भिंतीवर चढून खाली पडतं. पंप नाही, वीज नाही. पाण्याचा उगम त्या भिंतीपेक्षा उंचावर आहे, बस. मधे नळ कितीही खाली उतरला तरी पाण्याला हिशोब पाठ असतो. आपल्या गणितातली यू नळीच ती, फक्त काचेऐवजी खापराची.

आता येऊ आपल्या गावाकडे. १८८४ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून (म्हणजे आजच्या सीओईपीतून) पहिला आलेला एक मुलगा मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागला. पहिली नेमणूक नाशिक जिल्हा. नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. आपण त्यांना फेटा आणि भारतरत्न यांच्यासकट ओळखतो, १५ सप्टेंबरला कॉलेजात त्यांच्या फोटोला हार घालतो. पण नाशकात आले तेव्हा ते विशीतले होते आणि नोकरी नवी होती. थोड्याच दिवसांत त्यांना खानदेशात धुळ्याला पाठवलं आणि काम दिलं पांझरा नदीवर पाइपाचा सायफन टाकायचं.

पांझरा म्हणजे फड पद्धतीची नदी. तिच्यावर ओळीने बंधारे, त्यांतून निघालेले पाट, आणि पाण्याची पाळी गावकऱ्यांनी आपसांत ठरवलेली. शेकडो वर्षं चाललेली व्यवस्था. आता पाटाचं पाणी नदीच्या एका काठावर आहे आणि शेतं पलीकडे, तर ते न्यायचं कसं? एक तर वरून पुलासारखी पन्हळ बांधायची, नाहीतर पाइप नदीच्या तळाखालून न्यायचा. या काठाला पाणी पाइपात उतरतं, नदीखालून जातं आणि पलीकडच्या काठाला आपसूक वर येतं. पलीकडचं तोंड थोडं खाली ठेवावं लागतं, कारण वाहताना पाइपाच्या घासणीत काही उंची खर्च होते. पुन्हा तीच यू नळी.

कागदावर सोपं आहे. पण पाइप नदीच्या पोटात बसवायचा, म्हणजे वाळू उपसून खड्डा कोरडा ठेवायला हवा. काम सुरू असताना पावसाने गाठलं. उपसलेली जागा पुन्हा वाळूने भरू लागली. नव्या इंजिनिअरने वरिष्ठांना कळवलं की पावसाळा संपेपर्यंत काम थांबवू या. मागणी वेडगळ नव्हती, नदीकाठी राहणारा कोणीही हेच म्हणाला असता. पण गोऱ्या एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरला ते आज्ञाभंगासारखं वाटलं आणि नोकरीच्या सुरुवातीलाच नाराजी पदरी पडली. विश्वेश्वरय्यांनी मग माघार घेतली, त्या पावसातच काम पुढे रेटलं आणि पुरं केलं. साहेब खूश झाला. हा प्रसंग त्यांनी स्वतः आपल्या आठवणींत लिहिलाय.

लोक ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. मला खरं सांगू? मला वाटतं, पहिल्यांदा ते जे म्हणाले होते तेच बरोबर होतं. काम निभावलं, पण निभावलं म्हणून घाई शहाणपणाची होत नाही. हे मी का म्हणतोय, ते आता येईल.

क्लासमधल्या सरांचं म्हणणं मी दोन वर्षांनी ऐकलं. एका रविवारी मित्राच्या गाडीवर केटीएचएमपासून निघालो आणि थेट गंगापूर धरण गाठलं. मातीचं धरण, पायापासून साधारण साडेछत्तीस मीटर उंच, जवळजवळ चार किलोमीटर लांब. १९६५ साली पूर्ण झाल्याची नोंद आहे. आता बोट फिरवा. समजा भिंतीशी ३० मीटर पाणी उभं आहे. तळाशी दर चौरस मीटरला सुमारे ३० टन दाब. वर शून्य, खाली ३०, म्हणजे सरासरी १५. तिला ३० मीटर उंचीने गुणा. भिंतीच्या प्रत्येक एक मीटर लांबीला सुमारे ४५० टनांचा आडवा रेटा! म्हणून तर धरण पायाशी इतकं रुंद आणि माथ्याशी अरुंद असतं. आणि गंमत बघा, मागे जलाशय दहा किलोमीटर पसरलेला असो की दहा फूट, उंची तीच असेल तर हा आकडा बदलत नाही. स्टेव्हिनचंच म्हणणं, आपल्या रस्त्याच्या टोकाला.

पण मातीच्या धरणात पाणी फक्त बाहेरून रेटत नाही, ते आतही मुरतं. मातीच्या कणांमधल्या फटींत पाणी शिरतं आणि कणांना एकमेकांपासून ढकलतं. याला म्हणतात छिद्रदाब. तो फार वाढला तर माती आपली पकड सोडते, वरून भराव धडधाकट दिसत असला तरी. तो मोजायला भरावात नळी उभी करतात. तिच्या तळाच्या टोकाला पाणी झिरपू देणारी जाळी, वरचं तोंड उघडं. पाणी नळीत जितकं चढेल तितका आतला दाब. हिला म्हणतात पिझोमीटर, आणि पुस्तकात मॅनोमीटरच्या आधीचं चित्र हिचंच असतं. पारासुद्धा लागत नाही. अशा कामांचा अभ्यास करणारी 'मेरी', म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, १९५९ पासून आपल्या नाशकात दिंडोरी रोडला आहे. राज्याची धरण सुरक्षितता संघटनाही नाशकातच.

या सगळ्याची किंमत काय, ते पुण्याने बघितलं. आंबी नदीवरचं पानशेत. तेही मातीचं धरण. १९६१ च्या पावसाळ्यात सगळी कामं पुरी व्हायच्या आत त्यात पाणी चढलं. भरावाच्या पोटातून पाणी बाहेर काढणारा जो विमोचक, त्याचं कामही अर्धवट होतं. त्याच्या वरची माती खचू लागली, माथा खाली बसू लागला. जवानांनी वाळूच्या गोण्या रचून माथा उचलून धरायचा प्रयत्न केला. १२ जुलैला सकाळी धरण फुटलं. खाली खडकवासल्याची जुनी दगडी भिंत होती. विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले होते, तीच. त्याच दिवशी तीही फुटली आणि पाणी पुण्याच्या पेठांत शिरलं.

पानशेतचा प्रश्न गणिताचा नव्हता. रीत सगळ्यांना येत होती. पाणी किती चढू द्यायचं आणि काम कधी थांबवायचं, हा प्रश्न होता. पांझरेच्या काठावर त्या नव्या इंजिनिअरने विचारलेला प्रश्न दुसरा कुठला होता?

गंगापूरहून परतताना मित्र म्हणाला, "तुला एवढं कळतं तर केटी कशी लागली?" मी त्याला ३० सेंटिमीटरची गोष्ट सांगितली. तो आनंदवल्लीपर्यंत हसत होता.

बाय द वे, केटी सुटली. पेपरात या वेळी दोन पाइप आणि मधे तेल, असं डिफरन्शियल मॅनोमीटर आलं होतं. मी पेन खाली ठेवलं आणि आधी नुसतं बोट फिरवलं. शेजारचा पोरगा माझ्याकडे बघत होता.

पुढच्या भागात फड पद्धतीबद्दल सविस्तर बोलू. तुमच्या गावाकडे अजून फड चालत असेल तर मला नक्की कळवा.