उतरलेला पारा

नाकाच्या आत दुर्बिणीतून शस्त्रक्रिया चालू असते. जागा बोटभर, आणि तिथे रक्ताचा एक थेंब आला तरी सर्जनला पुढचे काही दिसेनासे होते. मग तो मान न वळवता म्हणतो, ‘मॅडम, प्रेशर जरा खाली घ्या.’ बदलापूरजवळच्या शिरगावात राहून, उल्हासनगर-अंबरनाथच्या लहान रुग्णालयांत भूल देण्यात माझी पस्तीस वर्षे गेली. हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आणि त्याबरहुकूम वागलेही. निरोगी माणसाचा रक्तदाब जाणूनबुजून उतरवण्याची कल्पना मुळात सुचली कोणाला, हा प्रश्न मात्र मला निवृत्तीनंतर पडला. त्याचा माग काढताना एक वाट हैदराबादेत निघाली आणि दुसरी परळमध्ये.

हैदराबादेतली वाट जुनी. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. क्लोरोफॉर्मने माणसे दगावतात ती हृदय थांबल्याने की श्वास थांबल्याने, हा वाद इंग्लंडमध्ये पेटला होता. हैदराबादचे सर्जन एडवर्ड लॉरी श्वासाच्या पक्षाचे. १८८८मध्ये त्यांनी पहिला आयोग नेमवला. त्यावर टीका झाली, तेव्हा निजामाने हजार पौंड देऊन १८८९मध्ये लंडनहून लॉडर ब्रंटन यांना बोलावले. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले, त्यांच्या रक्तदाबाचे आलेख काढले गेले. निष्कर्ष निघाला, की क्लोरोफॉर्मने रक्तदाब उतरतो तो घातक नाही; उलट त्यामुळे विष मेंदूकडे सावकाश पोचते, म्हणजे ती शरीराची ढालच. लॉरींची शिकवण अशी, की नाडीकडे पाहू नका, श्वास पाहा. पुढे १९११मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले, की हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदय अचानक फडफडून थांबू शकते. लॉरींचा पक्ष पडला. पण ‘उतरलेला दाब म्हणजे ढाल’ ही समजूत नव्या वेषात पुन्हा आली.

मेंदूच्या गाठी काढणाऱ्या हार्वे कुशिंग यांनी १९१७मध्ये शस्त्रक्रियेपुरता दाब कमी करण्याचा विचार मांडला. दाबपट्टी इटलीहून अमेरिकेत नेणारेही तेच. विचार प्रत्यक्षात आला १९४६मध्ये, आणि तोही अघोरी मार्गाने. गार्डनर यांनी रुग्णाच्या धमनीतून रक्त बाटलीत काढून घेतले, दाब उतरल्यावर गाठ काढली आणि रक्त परत चढवले. दोनच वर्षांनी एडिंबरात ग्रिफिथ्स आणि गिलिस यांनी कण्यात वरपर्यंत भूल देऊन तेच साधले. रक्त बाहेर काढायची गरज उरली नाही, ते सैल पडलेल्या नसांतच साठून राहिले. त्याच सुमारास पेटन आणि झायमिस यांनी मज्जागंडांवर काम करणारी मेथोनियम औषधे पुढे आणली. १९५०मध्ये ईस्ट ग्रिनस्टेडच्या एंडर्बी यांनी औषध आणि टेबलाचा उतार यांची सांगड घातली. शस्त्रक्रियेची जागा उंच ठेवायची, म्हणजे रक्त खाली ओसरते. सर्जन खूश झाले, कारण कोरडी जखम त्यांनी पूर्वी पाहिली नव्हती.

हिशेब लवकरच पुढे आला. १९५३मध्ये अमेरिकेत हॅम्प्टन आणि लिटल यांनी २७ हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी छापली. साधारण तीनशे रुग्णांमागे एक मृत्यू. कोरड्या जखमेची ती किंमत होती.

आता परळची वाट. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे वैद्यांना शतकानुशतके ठाऊक. १९३१मध्ये कलकत्त्याचे सेन आणि बोस यांनी ती वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर चालते असे लिहिले. पण बाहेरच्या जगाने दखल घेतली नाही. ती घ्यायला लावली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. के.ई.एम.मधल्या या हृदयरोगतज्ज्ञाने १९४९मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये पन्नास रुग्णांचा अनुभव मांडला. तीन वर्षांत बाझलच्या सीबा कंपनीने मुळीतून रेसर्पिन वेगळे केले. १९५७मध्ये वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. गोळी स्वस्त होती. आपल्याकडे ती ‘अडेल्फेन’सारख्या जोडगोळीच्या रूपाने पुढे कित्येक वर्षे गावोगावच्या दुकानांत मिळत राहिली.

आणि इथेच दोन्ही वाटा माझ्या टेबलापाशी येऊन मिळाल्या. १९५६मध्ये अमेरिकी भूलतज्ज्ञांनी कळवले, की रेसर्पिन घेणाऱ्यांचा रक्तदाब भुलेखाली एकदम कोसळतो. कारण असे, की नसांच्या टोकांशी नॉरअ‍ॅड्रिनलिनचा साठा असतो, तो हे औषध रिकामा करते. दाब वर आणायला आपण जी इंजेक्शने देतो, त्यांतली काही हाच साठा मोकळा करून काम करतात. कोठारच रिकामे, तर किल्ली देऊन काय होणार? म्हणून औषध दोन आठवडे आधी बंद करा, असा दंडक आला. १९६२मध्ये मन्सन आणि जेनिसेक यांनी तो अनावश्यक ठरवला. औषध चालू आहे हे भूल देणाऱ्याला माहीत असले की पुरे.

१९८७मध्ये मला ते माहीत नव्हते. औषधाचा गुण ठाऊक होता, रुग्णाची गोळी नव्हे. पन्नाशीतला गिरणीकामगार, हर्नियाची शस्त्रक्रिया. ‘काही औषध चालू आहे?’ मी विचारले. ‘नाही.’ भूल दिली, हॅलोथेन सुरू केले आणि पारा १५०वरून ६०वर आला. मेफेन्टरमिन दिले, पारा हलला नाही. पुन्हा दिले; तेच. हॅलोथेन बंद केले, पाय उंच केले, सलाइन धावते सोडले. मग पातळ केलेले अ‍ॅड्रिनलिन थेंबाथेंबाने दिले, तेव्हा कुठे नाडी बोटाला लागली. ऑक्सिमीटर तेव्हा आमच्याकडे नव्हता. ओठांचा रंग आणि माझे बोट, एवढाच भरवसा. संध्याकाळी तो शुद्धीवर आला, बायकोला नावाने हाक मारली, तेव्हा मी खुर्चीत बसले. गोळीचे पाकीट तिच्याच पिशवीत निघाले. तो म्हणाला, ‘ती कसली औषध? ती तर रोजचीच आहे.’

चूक त्याची नव्हती. प्रश्न माझा चुकला होता.

सर्जनच्या सांगण्यावरून मी उतरवत असे तो दाब आणि त्या दिवशी कोसळला तो, यांत पाऱ्याचा फरक थोडाच. १९५९मध्ये लासेन यांनी मांडले, की दाब एका मर्यादेत वरखाली झाला तरी मेंदू आपला रक्तपुरवठा सांभाळून घेतो. त्या मर्यादेखाली मात्र दाबाबरोबर पुरवठाही घसरतो. जुना रक्तदाबवाला असेल तर ही मर्यादा वर सरकलेली असते. म्हणजे तरण्याला सोसेल तो आकडा त्याला सोसणार नाही. शिवाय पट्टी दंडावर असते आणि डोके उंचावर. दर १३ सेंटिमीटर उंचीमागे मेंदूतला दाब १० मिलिमीटरने कमी धरावा लागतो. लॉरी आकड्याला ढाल समजले, पन्नासच्या दशकातले सर्जन त्याला कोरडी जखम समजले. तो आकडा कोणाचा, हे विचारायचे राहून गेले.

आज औषधे हुकमी आहेत. देणे थांबवले की मिनिटांत उतरतात. ट्रानेक्झामिक आम्लाने रक्तस्राव आटोक्यात येतो, आणि दाब फार खाली न्यावाच लागत नाही. तरी शिकाऊ मुले भेटली की मी त्यांना एकच सांगते. ‘औषध चालू आहे का’ असे विचारू नका. ‘सकाळी उठल्यापासून काय काय घेता’ असे विचारा, आणि पिशवी उघडून दाखवायला सांगा.