शटॉक्वा : तंबूतील उपासनेपासून व्याख्यानपीठापर्यंत

ख्रिस्ती उन्हाळी शिबिर म्हटले की तंबू, प्रार्थना आणि प्रवचने एवढेच चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. वाङ्मयाच्या अभ्यासकाने दखल घ्यावी असे काही त्यात असेल, अशी अपेक्षा सहसा कोणी करीत नाही. अमेरिकेतील शटॉक्वाचा इतिहास या समजुतीला छेद देतो, म्हणून त्याचा थोडक्यात परामर्श घेणे आम्हांला अगत्याचे वाटते.

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत रानावनात भरणारे धर्ममेळावे ही नित्याची बाब होती. दूरदूरच्या वस्त्यांतून कुटुंबे येत, अनेक दिवस तंबूत राहत आणि प्रवचनांच्या आवेगात पश्चात्तापाचे अश्रू ढाळीत. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात, शटॉक्वा सरोवराच्या काठी, मेथडिस्ट पंथीयांची अशीच एक जागा होती. ऑगस्ट १८७४ मध्ये शेतीची यंत्रे बनविणारे उद्योजक लुईस मिलर आणि धर्मोपदेशक जॉन व्हिन्सेंट यांनी तेथे रविवारच्या धर्मशाळांतील शिक्षकांसाठी दोन आठवड्यांचे शिबिर भरविले. भावनेच्या उद्रेकावर व्हिन्सेंट यांचा भरवसा नव्हता. श्रद्धेला अभ्यासाची जोड हवी, असे त्यांचे मत होते. बायबलमधील भूगोल समजावा म्हणून सरोवराच्या काठी पॅलेस्टाइनची मातीची प्रतिकृती उभारण्यात आली आणि सरोवरालाच भूमध्य समुद्र मानण्यात आले. जागा मेथडिस्टांची असली, तरी इतर पंथांच्या शिक्षकांनाही दार मोकळे होते. पुढील साऱ्या विस्ताराचे बीज या मोकळेपणात आहे, असे आम्हांला वाटते.

याच पहिल्या शिबिरात जमलेल्या स्त्रियांनी मद्यपानविरोधी राष्ट्रीय संघटनेची कल्पना मांडली. तीतून त्याच वर्षी उभ्या राहिलेल्या ख्रिस्ती स्त्रियांच्या मद्यपाननिषेधक संघाविषयी पंडिता रमाबाईंनी १८८९ च्या आपल्या अमेरिकावर्णनात आदराने लिहिले आहे. मराठी वाचकाला शटॉक्वाचा दूरचा धागा येथे सापडतो.

साहित्याच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष मात्र १८७८. त्या वर्षी व्हिन्सेंट यांनी साहित्य आणि विज्ञान यांचे वाचनमंडळ स्थापन केले. ज्यांना महाविद्यालयाचे तोंड पाहता आले नाही, त्यांनी घरबसल्या चार वर्षे नेमलेले ग्रंथ वाचावेत, गावात जमून त्यांवर चर्चा करावी आणि शेवटी प्रमाणपत्र घ्यावे, अशी ही योजना. पहिल्याच वर्षी आठ हजारांहून अधिक लोकांनी नावे नोंदविली. त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. १८८२ मध्ये पहिली तुकडी समारंभपूर्वक उत्तीर्ण झाली. ग्रंथांची निवड बेताची व सोवळी होती, हा आक्षेप खोटा नाही. तथापि ज्या स्त्रीपुरुषांसाठी दुसरी कोणतीही यादी कोणी केली नव्हती, त्यांच्या बाजूने पाहिले तर या आक्षेपाचे वजन बरेच कमी होते.

पुढे या नावाची लाट देशभर पसरली. १९०४ पासून व्यापारी मंडळींनी फिरत्या शटॉक्वा काढल्या. तंबू, वक्ते आणि गायक गावोगाव जाऊ लागले, पण मूळ संस्थेचा त्यांच्यावर ताबा नव्हता. रेडिओ, चित्रपट आणि मोटारगाडी यांच्यापुढे त्या टिकल्या नाहीत. मूळ संस्थाही १९३३ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोहोचली होती. पण देणग्यांच्या बळावर ती सावरली. १९३६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी येथूनच युद्धविरोधी भाषण केले.

शटॉक्वावरील सर्वांत मार्मिक टीका तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांची. एका दिवसासाठी म्हणून आलेले जेम्स आठवडाभर राहिले, पण बाहेर पडताच त्यांना सुटल्यासारखे वाटले. येथे सुबत्ता आहे, सदाचार आहे, शिक्षण आहे. परंतु जीवनाला अर्थ देणारा संघर्ष व धोका नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. अनेक सुसंस्कृत साहित्यसभांना ही टीका आजही लागू पडेल.

आणि तरीही १२ ऑगस्ट २०२२ नंतर ती जशीच्या तशी स्वीकारणे कठीण झाले आहे. त्या दिवशी याच व्यासपीठावर, मुंबईत जन्मलेले कादंबरीकार सलमान रश्दी निर्वासित लेखकांच्या आश्रयाविषयी बोलण्यासाठी बसले असता त्यांच्यावर सुऱ्याने हल्ला झाला. त्यांचा एक डोळा कायमचा गेला. हल्लेखोराला २०२५ मध्ये पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. त्या दिवशी श्रोत्यांपैकी काही जण व्यासपीठावर धावले आणि त्यांनी हल्लेखोराला धरून ठेवले, ही गोष्ट आम्हांला विशेष लक्षणीय वाटते. उन्हाळ्यात व्याख्याने ऐकायला जमणारी ही माणसे जेम्सना फार सुरक्षित वाटली होती.

धर्मशिक्षकांसाठी रचलेले व्यासपीठ दीडशे वर्षांत धर्मनिंदेचा आरोप झालेल्या लेखकाचे व्यासपीठ झाले. हा प्रवास श्रद्धा सोडून झालेला नाही. तेथे आजही उपासना होते. अभ्यासाला भिण्याचे कारण श्रद्धेला नाही, या मूळ धारणेचाच तो विस्तार आहे. दुसऱ्याला बोलू देणे हे निरुपद्रवी शिष्टाचार नव्हे, त्याची किंमत मोजावी लागते, हे शटॉक्वाच्या इतिहासातून साहित्याच्या अध्यापकांनी विद्यार्थ्यांपुढे अवश्य मांडावे.