हेलसिंकी ते टोकियो : अंतर तेच, प्रवास मात्र साडेतीन तासांनी लांबला

फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथील वांता विमानतळ आणि जपानमधील टोकियोजवळचा नारिता विमानतळ यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे ७,८३० किलोमीटर आहे. मुंबई-लंडन अंतराहून हे थोडेच अधिक. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांना जोडणारी सर्वांत आखूड रेषा धरून हे अंतर काढतात आणि या दोन शहरांमधील ती रेषा जवळजवळ संपूर्णपणे रशियावरून, विशेषतः सैबेरियावरून जाते. साऱ्या अडचणीचे मूळ येथेच आहे.

फेब्रुवारी २०२२ पर्यंत हा प्रवास साधारण साडेनऊ तासांत होत असे. युरोपच्या ईशान्य कोपऱ्यात असल्यामुळे हेलसिंकी हे पूर्व आशियाला जाण्याचे सोयीचे नाके ठरले होते आणि ‘फिनएअर’ कंपनीने आपला व्यवसाय याच जवळिकीवर उभा केला होता. युक्रेनवरील आक्रमणानंतर युरोपीय देशांनी रशियन विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. त्याला प्रत्युत्तर म्हणून रशियाने २८ फेब्रुवारी २०२२ रोजी ३६ देशांच्या विमान कंपन्यांना मज्जाव केला. तेव्हापासून याच प्रवासाला सुमारे तेरा तास लागतात आणि विमानाला जवळपास १३,००० किलोमीटर कापावे लागतात.

त्यासाठी दोन वाटा आहेत. दक्षिणेकडची वाट बाल्टिक देश, पोलंड, काळा समुद्र, कॉकेशस, कझाकस्तान, चीन व कोरिया अशी जाते. उत्तरेकडची वाट नॉर्वेवरून थेट उत्तर ध्रुवाकडे वळते आणि अलास्कामार्गे प्रशांत महासागरावर उतरते. कोणती वाट धरायची हे त्या दिवशीच्या वाऱ्यावर ठरते. उंचावरील वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असल्याने जपानला जाताना दक्षिणेची वाट लाभते. परतताना तेच वारे समोरून येतात, म्हणून ध्रुवाची वाट बरी पडते. ध्रुवावरून जाणाऱ्या प्रवाशांना कंपनीने प्रमाणपत्रे दिली. गैरसोयीचेही असे कौतुक करता येते!

ध्रुवाची वाट नवी नाही. सोव्हिएत हवाई हद्द बंद असताना, १९८३ मध्ये, फिनएअरने याच दोन शहरांदरम्यान ध्रुवावरून विनाथांबा सेवा सुरू केली होती. तेव्हा युरोपातून जपानला जाणारी अनेक विमाने अलास्कातील अँकरेज येथे इंधनासाठी थांबत. त्या वेळचे डीसी-१० विमान तीन इंजिनांचे होते. आजचे एअरबस ए-३५० दोन इंजिनांचे आहे. दोन इंजिनांच्या विमानाने उतरण्याजोग्या विमानतळापासून किती दूर जावे, याचे नियम कडक असतात आणि ध्रुवप्रदेशात असे विमानतळ विरळच. त्यामुळे या मार्गासाठी विशेष परवानगी लागते.

हा अनुभव भारतीय प्रवाशांनाही परका नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केल्यावर दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या उड्डाणांचा वेळ वाढला.

अंतरावरून वेळेचा अंदाज देणारी अनेक साधने आजही या प्रवासासाठी नऊ-साडेनऊ तासच दाखवतात. पुढचे विमान गाठायचे असेल, तर कंपनीचे चालू वेळापत्रकच प्रमाण मानावे. त्यातील वेळा स्थानिक असतात. जपानचे घड्याळ फिनलंडच्या हिवाळ्यात सात तास आणि उन्हाळ्यात सहा तास पुढे असते. त्यामुळे हिवाळ्यात हेलसिंकीहून सायंकाळी साडेपाचला निघालेले विमान तेरा तासांनी टोकियोस पोहोचेल, तेव्हा तेथे दुसऱ्या दिवशीचा दुपारचा दीड वाजलेला असेल.