पायाखालची नक्षी

गणपती आठ दिवसांवर आले की घरात एकच धांदल उडते. जळमटे निघतात, पितळेची भांडी घासून होतात आणि मखराची जागा ठरवताना घरातले वडीलधारे हमखास सांगतात, "चौरंग मधल्या फुलावरच ठेवा." हे फूल म्हणजे माजघरातल्या जुन्या लाद्यांची नक्षी. बडोद्यातल्या आम्हा मराठी घरांच्या सजावटीचा इतिहास त्या फुलाभोवतीच फिरतो.

अठराव्या शतकात गायकवाडांच्या फौजेमागोमाग आमचे पूर्वज गुजरातेत आले. त्यांच्या घरातली जमीन शेणाने सारवलेली असे. सारवणाऱ्या बाईच्या बोटांचे अर्धगोल तिच्यावर उमटत; तोच त्या घराचा पहिला पोत. भिंतीला चुना, दारात रांगोळी. चौक, ओटी, माजघर ही मांडणी आपली. पण खांब, तुळया आणि दारांवरचे कोरीव काम इथल्या सुतारांचे. दोन प्रांतांचे हात एका घरात असे नांदू लागले.

हा मेळ पाहायचा तर रावपुऱ्यातला तांबेकर वाडा पाहावा. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते. त्यांच्या या वाड्यात भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत. पुराणकथा, कृष्णलीला, मराठे आणि इंग्रजांची लढाई, शिवाय वेलबुट्टीच्या किनारी. एवढी चित्रे असूनही डोळा थकत नाही, कारण प्रत्येक चित्र आपापल्या चौकटीत बसवलेले आहे.

पुढे सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० मध्ये, लक्ष्मीविलास राजवाडा पूर्ण झाला. त्याच्या दरबार हॉलची मोझाईकची जमीन प्रसिद्ध आहे. त्याच वर्षी कलाभवन सुरू झाले आणि रेखांकन, रंगकाम हे शिकण्याचे विषय ठरले. राजवाड्यातली जमीन सामान्यांच्या आवाक्यातली नव्हती. विसाव्या शतकात सिमेंटच्या रंगीत लाद्या आल्या आणि ती हौस मध्यमवर्गाच्या माजघरात पोहोचली. मुंबईत १९२२ साली स्वदेशीच्या भावनेने अशा लाद्यांचा कारखाना निघाला.

ही लादी भट्टीत भाजत नाहीत. साच्यात नक्षीच्या खणांची धातूची जाळी ठेवून प्रत्येक खणात वेगळ्या रंगाचे सिमेंट ओततात. मग जाळी उचलून मागे सिमेंट-वाळूचा थर देतात, यंत्राने दाबतात आणि लादी पाण्यात मुरवतात. रंग वरवरचा नसून काही मिलिमीटर खोल असतो. म्हणूनच तीन पिढ्या चालूनही फूल पुसले जात नाही. उलट पावलांनी त्याला झिलई चढते.

बायकांनी या नक्षीशी जुळवून घर सजवले. जमीन बोलकी, म्हणून भिंती शांत. झोपाळा संखेड्याच्या लाखकामाचा, पण त्यावरची गादी साध्या रंगाची. खाटेवर जुन्या नऊवारीची गोधडी. तिच्या टाक्यांचा खरबरीतपणा हाताला कळे. हे कोणी पुस्तकात वाचून केले नव्हते.

आता वाडे पडून फ्लॅट होत आहेत. दोष दुसऱ्याला कशाला द्यावा? आमच्याच घरात मागच्या खोलीची जमीन निसरडी आणि जुनाट वाटली, म्हणून आम्ही चकचकीत टाइल्स घातल्या. फोडलेल्या लाद्या ट्रॅक्टरमधून गेल्या तेव्हा आजी काही बोलली नाही. फक्त एक अख्खी लादी उचलून तिने तुळशीखाली ठेवली. ती आज आमच्या देवघरात आहे.

सगळे वाडे वाचणार नाहीत, हे आम्हालाही कळते. पण घर पाडण्याआधी जमिनीचे फोटो काढता येतात, मापे लिहून ठेवता येतात, चार लाद्या नव्या देवघरासाठी अलगद काढता येतात. यंदा चौरंग मांडण्यापूर्वी सतरंजी क्षणभर बाजूला सारा आणि मुलांना ते मधले फूल दाखवा. बाप्पा इतकी वर्षे त्याच्यावरच बसत आले आहेत.